रंग वजा केल्यावर : उतारवयातील कृष्णधवल निसर्गछायाचित्रण

पौर्णिमेच्या रात्री आपण गच्चीवर किंवा अंगणात गेलात, तर एक गोष्ट अवश्य न्याहाळून पाहावी. कुंडीतली जी जास्वंद दुपारी लालभडक दिसत होती, ती चांदण्यात लाल दिसत नाही. ती जवळजवळ काळी दिसते आणि तिच्याभोवतीची पाने मात्र तिच्याहून उजळ भासतात. तुळस हिरवी राहत नाही, कौले तांबडी राहत नाहीत. उरतात त्या काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा. तरीही कुंडी कुठे संपते, कठडा कुठे सुरू होतो, फांदीवर काही हलते आहे की नाही, हे सारे आपल्याला कळत असते.

यात डोळ्यांचा काही दोष नाही. माणसाच्या दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी सुमारे ६० लाख असतात आणि मंद प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशी सुमारे १२ कोटी. या दंडपेशींना रंग कळत नाहीत; त्यांना केवळ उजेड अधिक की उणा, एवढेच समजते. संध्याकाळ होऊ लागली की लाल रंग प्रथम काळवंडतो आणि हिरवे-निळे त्यामानाने उजळ राहते, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने फुलांकडेच पाहून नोंदवली. तेव्हा कृष्णधवल दृष्टी ही कोणा छायाचित्रकाराची लहर नव्हे. आपण प्रत्येक जण जन्मापासून रोज रात्री तिचा वापर करीत आलो आहोत. फक्त तिच्याकडे लक्ष देण्याची आपल्याला सवय नसते.

साठी-सत्तरीनंतर ही सवय लावून घेण्याला एक विशेष कारण आहे. वयानुसार डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते, बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही आणि दृष्टिपटलापर्यंत पोहोचणारा उजेड घटतो. विशीतल्या तरुणाच्या तुलनेत साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलाला साधारण एक तृतीयांशच प्रकाश मिळतो, असे मानले जाते. त्यावर मोतीबिंदू असेल तर निळे-जांभळे रंग आणखी मळकट दिसतात. परंतु रंगांपेक्षाही गंभीर असे नुकसान दुसरेच आहे, आणि ते सहसा कोणी सांगत नाही : दोन जवळजवळच्या छटांमधला फरक ओळखण्याची शक्ती कमी होते. दवाखान्यातला नेहमीचा तक्ता पांढऱ्याशुभ्र पाटीवरच्या काळ्याकुट्ट अक्षरांचा असतो. तो बिनचूक वाचणारे आजोबा तिन्हीसांजेला करड्या पायऱ्यांवर अडखळतात आणि घरच्यांना वाटते, यांचे लक्ष नव्हते. लक्ष असते, पायरीची कड दिसलेली नसते. ही शक्ती मोजण्यासाठी वेगळा तक्ता असतो. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या पेली-रॉबसन तक्त्यात सर्व अक्षरे एकाच आकाराची असतात, ती केवळ फिकट फिकट होत जातात. नेत्रतज्ज्ञांकडे जाल तेव्हा या तपासणीविषयी जरूर विचारावे.

कृष्णधवल छायाचित्रण नेमके याच छटांशी खेळते. त्याने मोतीबिंदू बरा होत नाही, काचबिंदू थांबत नाही, आणि तसे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. मात्र जी नजर उतारवयात आपोआप मंदावते, तिला जाणीवपूर्वक कामाला लावण्याचा इतका आनंददायक, आणि हाती मोबाइल असेल तर बिनखर्चाचा दुसरा उद्योग माझ्या तरी पाहण्यात नाही.

जास्वंदीचा धडा

प्रारंभ पुन्हा जास्वंदीपासूनच करावा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ‘मोनो’ किंवा ‘ब्लॅक अँड व्हाइट’ नावाचा फिल्टर असतो. तो छायाचित्र काढण्यापूर्वीच लावावा, म्हणजे पडद्यावरचे दृश्य तेव्हाच रंगहीन दिसू लागेल. सापडत नसेल तर नातवंडांकडून एकदा लावून घ्यावा. आता दिवसाच्या उजेडात झाडाकडे कॅमेरा धरा. हिरव्या पानांत उठून दिसणारे ते लाल फूल बऱ्याचदा पडद्यावर हरवून जाते, कारण लाल आणि हिरवा हे रंग भिन्न असले तरी त्यांचा उजळपणा पुष्कळदा सारखाच असतो. दोन्ही मिळून एकच करडा गोळा होतो. याउलट, रंगाच्या दृष्टीने ज्याच्याकडे आपण कधी वळूनही पाहिले नसते असा पांढरा चाफा गडद पानांवर असा काही उमटतो की पाहत राहावे. अळूच्या पानावरचा पाण्याचा थेंब, उन्हाच्या विरुद्ध बाजूने पाहिलेल्या केळीच्या पानाच्या शिरा, पिंपळपानाची जाळी, वादळापूर्वीचे ढग, शेवग्याच्या झिरझिरीत पाल्यातून भिंतीवर पडलेली सावली, ही खरी कृष्णधवल छायाचित्राची संपत्ती.

रंग आणि छटा यांतला हा भेद ज्याने सर्वांत प्रभावीपणे दाखवून दिला, तो अमेरिकन छायाचित्रकार अन्सेल ॲडम्स. १० एप्रिल १९२७ रोजी, वयाच्या पंचविशीत, तो योसेमिटी खोऱ्यातल्या ‘हाफ डोम’ या प्रचंड कड्यासमोर उभा होता. जड कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा पाठीवर वाहून आणलेल्या. त्यांतल्या दोनच शिल्लक. पहिलीवर त्याने पिवळा फिल्टर लावून चित्र घेतले आणि लगेच त्याच्या ध्यानात आले की आकाश फिकट करडे येणार. समोर उभे राहून जो दरारा वाटतो आहे तो त्यात उतरणार नाही. शेवटच्या प्लेटीसाठी त्याने गडद लाल फिल्टर लावला. लाल काच निळा प्रकाश अडवते, म्हणून निळे आकाश जवळजवळ काळे झाले आणि उन्हाने उजळलेला कडा त्यातून पुढे आला. ते चित्र जगप्रसिद्ध झाले. बटण दाबण्याआधीच अंतिम चित्र मनात पाहायचे, ही त्याची पुढील आयुष्यभराची रीत त्या दिवशी ठरली. पुढे १९४० च्या सुमारास फ्रेड आर्चर या सहकाऱ्यासह त्याने पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत अकरा पायऱ्यांची एक मोजपट्टी तयार केली. तीच ‘झोन सिस्टिम’.

अकरा पायऱ्या आपल्याला नकोत. पाच पुरे. खिडकीशी बसल्या बसल्या समोरच्या दृश्यात सर्वांत काळे काय, सर्वांत पांढरे काय, आणि त्यांच्यामधल्या तीन छटा कुठे आहेत, एवढे शोधावे. छायाचित्र नंतर काढावे किंवा काढूही नये. ज्यांची स्मृती थोडी मंदावली आहे अशा व्यक्तीबरोबर बसून हा खेळ खेळता येतो. त्यात नावे आठवावी लागत नाहीत, बोट दाखवले तरी चालते.

वेळ निवडताना सकाळचे पहिले दीड-दोन तास किंवा उतरती उन्हे धरावीत. तेव्हा प्रकाश तिरपा येतो आणि झाडाच्या सालीवरची प्रत्येक रेघ आपली सावली बरोबर घेऊन येते. डोक्यावरच्या उन्हात ती साल सपाट होते. पावसाळी, ढगाळ दिवसही वाया जात नाही; पानाफुलांसाठी तोच उत्तम. पडद्यावरच्या उजळ भागावर बोट टेकवावे, म्हणजे पांढरे भाग जळून सपाट होत नाहीत. सूर्याकडे थेट कॅमेरा आणि डोळे कधीही रोखू नयेत. चालता चालता पडद्याकडे पाहणे हा तर हाडे मोडून घेण्याचा राजमार्ग आहे. आधी थांबावे, पाय स्थिर करावेत, मगच कॅमेरा वर करावा.

दाराबाहेर न जाता

निसर्गछायाचित्रण म्हटले की हिमालय, ताडोबा, मोठाल्या दुर्बिणीसारखी भिंगे असे चित्र डोळ्यांपुढे येते आणि गुडघे दुखणारा वाचक पान उलटतो. पण या कलेतल्या काही श्रेष्ठ कृती घरातून न हलता घडलेल्या आहेत.

इमोजेन कनिंगहॅम हे नाव त्यासाठी लक्षात ठेवण्याजोगे आहे. १८८३ साली जन्मलेल्या या अमेरिकन बाईंना १९१५ ते १९१७ या काळात तीन मुलगे झाले, त्यांतले दोन जुळे. लहान मुलांना सांभाळत बाहेर फिरून छायाचित्रे काढणे शक्य नव्हते. तेव्हा त्यांनी मागच्या अंगणातल्या झाडापेडांकडे कॅमेरा वळवला. १९२५ च्या सुमारास त्यांनी काढलेले मॅग्नोलियाचे फूल, ज्यात पाकळ्यांनी सारी चौकट व्यापली आहे आणि मधोमध केसरांचा तुरा उभा आहे, आज वनस्पतींच्या छायाचित्रणातला मानदंड समजला जातो. ज्या वाचकांचा दिवस कुणाच्या तरी औषधांच्या वेळा सांभाळण्यात जातो, ज्यांना घर सोडून तासभरही जाता येत नाही, त्यांनी हे फूल एकदा अवश्य पाहावे. या बाईंचा उत्साह पुढे इतका टिकला की वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांनी नव्वदीच्या आसपासच्या व पुढच्या माणसांची छायाचित्रे काढण्याचा नवा प्रकल्प हाती घेतला. १९७६ मध्ये त्या वारल्या आणि ‘आफ्टर नाइन्टी’ हे पुस्तक पुढच्या वर्षी निघाले.

त्यांचा समकालीन एडवर्ड वेस्टन याने तर स्वयंपाकघरातल्या भाजीवर अमर कृती घडवली. १९३० सालची त्याची ‘पेपर नंबर ३०’ म्हणजे एक वेडीवाकडी ढोबळी मिरची. ती त्याने पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली, त्यामुळे चहूकडून मऊ उजेड तिच्यावर परतला आणि तिच्या वळणांत पाठ, खांदे, दंड असे काहीतरी मानवी दिसू लागले. आपल्याकडे कारले आहे, दोडका आहे, आल्याची कुडी आहे. नरसाळे मात्र हल्ली प्लॅस्टिकचे मिळते, त्याऐवजी जुना डबा घ्यावा.

आपल्या देशातले उदाहरण हवे असेल तर ते एम. कृष्णन यांचे. १९१२ मध्ये तमिळ प्रदेशात जन्मलेले हे निसर्गलेखक अखेरपर्यंत कृष्णधवलाशी एकनिष्ठ राहिले. रंगीत फिल्म सर्वत्र मिळू लागल्यावरही त्यांनी निष्ठा बदलली नाही. निरनिराळ्या यंत्रांचे भाग जोडून स्वतःच बनवलेल्या अवजड कॅमेऱ्याला त्यांनी ‘सुपर पॉन्डरोसा’ असे गमतीचे नाव दिले होते. रानहत्तींची त्यांची छायाचित्रे प्रसिद्धच आहेत, पण त्यांची नजर मोठ्या जनावरांपुरती नव्हती. ‘द स्टेट्समन’मध्ये १९५० पासून ‘कंट्री नोटबुक’ या नावाने चाललेल्या पाक्षिक स्तंभात ते कावळे, खारी, पाली यांच्याविषयीही तितक्याच गांभीर्याने लिहीत. फेब्रुवारी १९९६ मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले तोपर्यंत तो स्तंभ चालू होता.

हात कोणाचे, नजर कोणाची

वेस्टनची उरलेली कहाणी आजारी माणसांची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी अधिक महत्त्वाची आहे, म्हणून तिच्याकडे परत येतो.

चाळिशीच्या दशकात, वयाच्या साठीच्या सुमारास, त्याला कंपवाताने गाठले. आठ इंच बाय दहा इंच आकाराच्या निगेटिव्हचा लाकडी कॅमेरा तिपाईवर चढवायचा, काळ्या कापडाखाली वाकून काचेवरची प्रतिमा स्पष्ट करायची, मग अंधारखोलीत तासन्‌तास उभे राहायचे, असे त्याचे काम. ते हळूहळू अशक्य झाले. कॅलिफोर्नियातल्या त्याच्या घराजवळ पॉइंट लोबोस नावाचा खडकाळ किनारा आहे. तिथले सायप्रसचे खोड, दगड, शेवाळ यांची शेकडो चित्रे त्याने वर्षानुवर्षे काढली होती. १९४८ मध्ये त्याच किनाऱ्यावर काही खडकांचे त्याने छायाचित्र घेतले. ते त्याचे शेवटचे. त्यानंतर तो जवळजवळ दहा वर्षे जगला.

या दहा वर्षांत घरच्यांनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे. धाकटा मुलगा कोल मदतीसाठी बापाजवळ होता. दुसरा मुलगा ब्रेट स्वतः नामांकित छायाचित्रकार होता. एडवर्डने आपल्या हजारो निगेटिव्हमधून निवड केली आणि १९५० नंतरच्या काही वर्षांत त्यांच्या प्रिंट ब्रेटने बापाच्या देखरेखीखाली छापल्या. आठशेच्या वर निगेटिव्ह, आणि प्रत्येकीच्या अनेक प्रती. कोणती प्रिंट गडद, कोणती फिकी, कोणती पुन्हा करायची, हे ठरवण्याचा अधिकार थरथरत्या हातांच्या त्या माणसाकडेच राहिला. मुलाचे हात चालत होते, निर्णय बापाचा होता.

आपल्या घरांतून बहुधा याच्या उलट घडते. हात कापतो म्हणून मोबाइल काढून घेतला जातो, ‘द्या, मी काढतो फोटो’ म्हणत मुलगा किंवा सून क्षणात चार छायाचित्रे काढून मोकळी होते आणि बाबा पुन्हा खुर्चीत मागे रेलून बसतात. हेतू चांगलाच असतो. पण बाबांना फोटो नको होता, त्यांना तो कावळा नीट बघायचा होता. आपण शुश्रूषा करीत असाल तर एवढाच नियम पाळावा : कॅमेरा धरायचा, पण कुठे धरायचा हे विचारायचे. ‘जरा डावीकडे’, ‘अजून काळे कर’, ‘ती फांदी नको’ या सूचना त्यांनी द्याव्यात आणि आपण त्या तक्रार न करता पाळाव्यात. पाच मिनिटे लागतील. लागू द्यावीत.

जिथे हात थोडाच कापतो तिथे साधे उपाय पुरतात. एखाद्या लहान कापडी पिशवीत दोन मुठी तांदूळ भरून ती शिवावी, खिडकीच्या चौकटीवर ठेवावी आणि मोबाइल तिच्यात रुतवावा. तो हलत नाही. तीन किंवा दहा सेकंदांचा टायमर लावला की बटण दाबतानाचा धक्का चित्रात येत नाही. खुर्चीवर बसून कोपरे हातांवर किंवा टेबलावर टेकवावीत. स्पॉन्डिलायटिसचा त्रास असेल तर मान वर करून झाडाचे शेंडे टिपण्याच्या फंदात पडू नये. कुंडी टेबलावर आणावी.

याच फिल्टरचा दुसरा उपयोग छायाचित्रणाबाहेरचा आहे आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. शुश्रूषा करणाऱ्याने एका संध्याकाळी, नेहमीचेच दिवे लावून, कॅमेरा कृष्णधवलावर ठेवावा आणि पडद्यातून सारे घर पाहत जावे. प्रत्येक जागी थांबून, उभे राहून. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडा दिसतात का? न्हाणीघरातला पांढरा कमोड पांढऱ्या फरशीत विरघळतो आहे का? आधाराचा दांडा भिंतीच्याच रंगाचा आहे का? उंबरठा, पायपुसणे, विजेची बटणे? जिथे पडद्यावर दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात, तिथे वृद्ध डोळ्यांची फसगत होण्याची शक्यता मोठी. ही काही आजी-आजोबांना जसे दिसते त्याची हुबेहूब नक्कल नव्हे, पण रंगांनी झाकलेली अडचण यातून उघडी पडते. पायरीच्या कडेला रुंद चिकटपट्टी लावावी. पायरी काळी असेल तर पांढरी, पांढरी असेल तर गडद. पांढऱ्या ताटलीतला दहीभात दिसत नसेल तर गडद रंगाची ताटली घ्यावी. काही वेळा ‘हल्ली जेवत नाहीत’ या तक्रारीमागे एवढेच असू शकते. मात्र दृष्टीत अचानक बदल झाला, सरळ रेषा वाकड्या दिसू लागल्या, प्रकाशाचे लखलखाट किंवा पडदा आल्यासारखे वाटले, तर छटा मोजत न बसता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावेत.

स्मरणशक्तीचे काय, असा प्रश्न वाचक हमखास विचारतील. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस येथील केंद्रात डेनिस पार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ६० ते ९० वयोगटातल्या दोनशेहून अधिक लोकांना त्यांनी गटांत विभागले. काहींनी तीन महिने डिजिटल छायाचित्रण शिकले, काहींनी गोधड्या शिवणे, काहींनी दोन्ही. काही जण नुसते गप्पा, सहली, सोपे खेळ यांत रमले. नवे आणि अवघड काही शिकणाऱ्यांची प्रसंगस्मृती इतरांपेक्षा सुधारलेली आढळली. पण त्यासाठी आठवड्याला सुमारे १५ तास मेहनत होती, हेही सांगितले पाहिजे. दिवसातून एकदा मांजराचा फोटो काढून हा लाभ पदरात पडेल, असे समजू नये.

काढलेली चित्रे मोबाइलमध्ये कोंडून ठेवू नयेत. महिन्याकाठी एकच निवडावे आणि आठ इंच बाय दहा इंच आकारात छापून घ्यावे. छापणाऱ्याला चकचकीत नव्हे, मॅट कागद सांगावा. चकचकीत कागदावर दिव्याची तिरीप पडते आणि मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना ती सहन होत नाही. याच कारणाने चौकटीला काच नसली तरी चालेल. समोर ट्यूबलाइट नसलेल्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला ते लावावे. लावण्यापूर्वी मागच्या बाजूला पेन्सिलीने तारीख, वेळ आणि घरातली खिडकी कोणती, हे ज्याने छायाचित्र पाहिले त्याच्याच हस्ताक्षरात लिहून घ्यावे. अक्षर वाकडे आले तरी पुसू नये.